अंगणातल्या तलावाचा हिशेब

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी आम्हांला एक तक्ता पाठवला. घरामागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधावा की बांधू नये, याचा तो हिशेब होता. स्नेही एकेकाळचे मराठीचे विद्यार्थी आणि वृत्तीने काटेकोर, त्यामुळे तक्त्यात काही राहिले असेल असे प्रथमदर्शनी वाटले नाही. खोदाई, सळ्या, काँक्रीट, पंप, गाळणी, लहान मुले आत पडू नयेत म्हणून कुंपण, परवान्याचे शुल्क, विम्याच्या हप्त्यातील वाढ, क्लोरीन, आम्ल, वीज, काही वर्षांनी पुन्हा करावा लागणारा आतला गिलावा. पुढे घर विकायचे झाल्यास तलावामुळे किंमत किती वाढेल याचा अंदाज आणि ती वाढ खर्चाच्या मानाने अपुरीच असेल, अशी प्रामाणिक टीप. शेवटी एकूण खर्चाला वर्षांनी आणि उन्हाळ्यातल्या दिवसांनी भागून ‘एका पोहण्याचा दर’ काढला होता. खाली प्रश्न एकच होता : परवडेल का?

तक्त्यात चूक नव्हती, पण एक रकाना नव्हता. तो रकाना या एका तक्त्यातून सुटलेला नाही. अशा बहुतेक सगळ्या तक्त्यांतून तो सुटतो, आणि साहित्याच्या वर्गांत आपण तलावांविषयी जे शिकवतो त्यातूनही तो सुटतो. म्हणून स्नेह्यांना दिलेले उत्तर विस्ताराने येथे मांडण्याचे योजले आहे.

आधी आमची बाजू स्वच्छ सांगितली पाहिजे. पोहण्याला आमचा विरोध नाही आणि चैनीवर आसूड ओढण्याची हौसही नाही. लोणावळ्याच्या एका स्नेह्यांच्या बंगल्यातील निळ्या पाण्यात आम्हीही संध्याकाळी घालवल्या आहेत. तेव्हा वैराग्याच्या उंचीवरून आम्ही बोलत नाही. शिवाय पाण्याच्या उधळपट्टीचा जो आरोप अशा वेळी सर्वप्रथम केला जातो, तो सरसकट टिकणारा नाही, हेही आम्ही मान्य करतो. सोळा फूट रुंद, बत्तीस फूट लांब आणि सरासरी पाच फूट खोल असा मध्यम तलाव घेतला, तर त्यात सुमारे ७२,००० लिटर पाणी मावते. ते एकदा भरले की पुष्कळ वर्षे टिकते, आणि मग भरपाई करावी लागते ती मुख्यतः बाष्पीभवनाची. कॅलिफोर्नियात त्याच जागी हिरवळ राखली तर तीही तेवढेच किंवा त्याहून अधिक पाणी पिते. तलावावर आच्छादन घालणारा मनुष्य हिरवळवाल्या शेजाऱ्यापेक्षा कमी दोषी ठरू शकतो.

हाच तलाव महाराष्ट्रात आणला की मात्र गणित बदलते, कारण येथे त्याची तुलना हिरवळीशी होत नाही, हंड्याशी होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे आमचा हा मध्यम तलाव त्या गाडीच्या जवळजवळ दीड वाघिणीएवढा होतो. कडक उन्हात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडाले, तर एवढ्या पृष्ठभागावरून रोज सुमारे २८५ लिटर जातात. ग्रामीण भागासाठी सरकारने ठरवलेल्या दरडोई ५५ लिटरच्या मापाने ते पाच माणसांचे दिवसाचे पाणी आहे. केपटाऊनमध्ये १ फेब्रुवारी २०१८ पासून दरडोई ५० लिटरची मर्यादा घालावी लागली होती. त्या शहराचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार लोकसंख्येत चौदा टक्क्यांहूनही कमी असलेली वरच्या उत्पन्नाची घरे शहराच्या घरगुती पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी वापरत होती. या वापरात बागा आणि तलाव मोडतात, हे सांगायला नको.

पण समजा, स्नेह्यांनी आच्छादन घातले, हिरवळ काढून टाकली आणि पाण्याचा हिशेब चोख जुळवला, तरीही तो रकाना रिकामाच राहतो. कारण तलावात पाणी किती, हा प्रश्न अखेर दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा, की त्या पाण्यात कोण उतरते आणि कोण उतरत नाही.

येथे आम्हांला आमच्याच व्यवसायाकडे वळणे भाग आहे. जॉन चीव्हर यांची ‘द स्विमर’ ही कथा इंग्रजीच्या किती अभ्यासक्रमांत असते आणि किती निष्ठेने शिकवली जाते, हे वाचकांना ठाऊक आहे. नेडी मेरिल हा उपनगरी सुखवस्तू गृहस्थ एका रविवारी ठरवतो, की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगणांतील तलाव एकापाठोपाठ एक पोहून घरी जायचे. त्या तलावांच्या साखळीला तो नदी मानतो आणि तिला बायकोचे नाव देतो. वाटेत ऋतू पालटतो, अंगातले बळ सरते, ओळखीचे लोक परके होतात, आणि शेवटी घर लागते ते कुलूपबंद व रिकामे. वर्गात आपण सांगतो की तलाव म्हणजे काळ, तलाव म्हणजे मद्य, तलाव म्हणजे उपनगरी जीवनाची पोकळी. हे सर्व खरे आहे. पण कथेत एक तलाव असा आहे ज्यावर वर्गात आपण फारसे थांबत नाही. तो कोणाच्या अंगणातला नाही, गावाचा सार्वजनिक तलाव आहे. तेथे नेडीला आधी अंग धुवावे लागते, गढूळ औषधी पाण्यात पाय बुडवावे लागतात. क्लोरीनच्या वासाने तो वैतागतो, गर्दीत धक्के खातो, टक्कर होऊ नये म्हणून मान वर ठेवून पोहतो. आणि तेथेच, ओळखीचा बिल्ला नाही म्हणून, जीवरक्षक त्याला पाण्याबाहेर पडायला सांगतात. ज्याने कोणाच्याही अंगणात न विचारता सूर मारला, त्याला सार्वजनिक पाणी घाणेरडे वाटते, आणि ते पाणीही त्याला आपला मानत नाही. कथेचे एवढे मर्म हाती देणारा प्रसंग आपण ‘अधोगतीचा एक टप्पा’ म्हणून ओलांडून जातो.

ही कथा ‘द न्यूयॉर्कर’मध्ये १८ जुलै १९६४ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १८ जून १९६४ रोजी, फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन या गावी एका मोटेलच्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या तलावात काळे आणि गोरे सत्याग्रही एकत्र उतरले होते. मोटेलच्या व्यवस्थापकाने तलावाच्या साफसफाईसाठी ठेवलेले आम्ल त्या पाण्यात ओतले. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गेले. दुसऱ्याच दिवशी सिनेटने नागरी हक्कांचा कायदा संमत केला आणि २ जुलैला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. चीव्हर यांनी ही घटना पाहून कथा लिहिली, असे आम्ही म्हणत नाही. तसा दावा मूर्खपणाचा ठरेल. आमचे म्हणणे एवढेच, की त्या उन्हाळ्यातील अमेरिकेत तलाव ही केवळ प्रतीकाची वस्तू नव्हती. पाण्यात उतरणाऱ्यावर आम्ल पडू शकत होते. आणि ज्या वाचकांना अंगणातले तलाव स्वाभाविक वाटत होते, त्यांना ते तसे का वाटू लागले होते, याला एक इतिहास होता.

तो इतिहास जेफ विल्त्से यांनी ‘कंटेस्टेड वॉटर्स’ (२००७) या ग्रंथात तपशिलाने मांडला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकी शहरांतील तलाव हे गरिबांच्या स्नानाची सोय म्हणून ओळखले जात, आणि स्त्री-पुरुषांचे दिवस वेगळे असत. १९२० नंतर मोठे, देखणे, वाळूच्या किनाऱ्यांचे तलाव बांधले गेले. महामंदीच्या काळात सरकारी पैशाने असे शेकडो तलाव झाले. एकट्या न्यूयॉर्कमध्ये १९३६ च्या उन्हाळ्यात अकरा तलाव उघडले. या तलावांत कामगार आणि कारकून, स्त्रिया आणि पुरुष एकत्र पोहू लागले. आणि नेमक्या याच टप्प्यावर काळ्यांना बाहेर काढले गेले. स्त्री-पुरुष एका पाण्यात आले, तेव्हा काळ्या पुरुषाचा स्पर्श गोऱ्या स्त्रीला होईल ही भीती अनावर झाली. ज्या समाजात पाणवठा, स्पर्श आणि विवाह या तीन गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या होत्या आणि आहेत, त्या समाजातील वाचकाला हे कारण समजावून सांगावे लागू नये.

पुढे न्यायालयांनी भेदभाव बेकायदा ठरवला, तेव्हा काय झाले? अलाबामातील माँटगोमेरी शहराने १९५९ मध्ये आपली सारी उद्याने बंद केली. ओक पार्कमधला प्रशस्त तलाव बुजवून टाकला गेला, आणि उद्याने पुन्हा उघडली तेव्हाही तो परत आला नाही. काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा गोऱ्यांनी स्वतःचाही तलाव गमावणे पत्करले. हेदर मॅकघी यांनी ‘द सम ऑफ अस’ (२०२१) या पुस्तकात या बुजवलेल्या तलावावरूनच अमेरिकेच्या सार्वजनिक दारिद्र्याची मांडणी केली आहे. मिसिसिपीतील जॅक्सन शहरात पाच तलाव होते, चार गोऱ्यांचे आणि एक काळ्यांचा. शहराने तेही चालवणे सोडून दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की तलाव सर्वांसाठीच बंद असल्यामुळे त्यात भेदभाव नाही. जे कोणालाच मिळत नाही त्यात विषमता कसली, हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण ज्यांच्या अंगणात जागा होती त्यांचे पोहणे बंद झाले नव्हते, ही गोष्ट त्यात झाकली जाते.

विल्त्से यांनी दिलेले आकडे असे : १९५० मध्ये जमिनीत बांधलेला तलाव असलेली अमेरिकी कुटुंबे जेमतेम अडीच हजार होती, १९९९ मध्ये ती चाळीस लाख झाली. यातील प्रत्येकाने वंशद्वेषापोटी तलाव बांधला असे मानणे अन्यायाचे होईल. उपनगरे वाढली, हाती पैसा आला, काँक्रीट फवारण्याचे तंत्र स्वस्त झाले, ही कारणेही खरी आहेत. पण ज्याचा हेतू निर्मळ होता त्याच्याही तलावाचा परिणाम तोच झाला. सार्वजनिक तलावासाठी कर भरायला, सभेत भांडायला, गळकी टाकी दुरुस्त करून घ्यायला ज्यांच्या शब्दाला वजन होते, ती माणसे आपापल्या अंगणात निघून गेली. मागे उरलेल्यांच्या शब्दाला वजन नव्हते, म्हणून तलाव गळत राहिले आणि मग बंद पडले. त्याची किंमत आज कोण मोजते, याचाही आकडा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या नोंदींनुसार दहा ते चौदा वर्षे वयाच्या काळ्या मुलांचे तलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या ७.६ पट आहे. ज्या आजीला तलावात उतरू दिले नाही तिने मुलीला पोहायला शिकवले नाही, आणि मुलीने नातवाला. आमच्या स्नेह्यांच्या तक्त्यात क्लोरीनचा भाव आहे, आम्लाचा आहे. या नातवाचा नाही.

आता आपल्या अंगणाकडे यावे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, अर्थात कागदावर. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्याचे पाणी प्याले तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि पुढे पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. हे सर्व आपण जाणतो. पण त्यानंतर काय झाले, याकडे लक्ष कमी जाते. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्यात त्यांनी तळे अपवित्र होते एवढेच म्हटले नाही, तळे खाजगी आहे असे म्हटले. हा दावा उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने संपला. दहा वर्षे एका गावाच्या तळ्याला ‘खाजगी’ ठरवण्याची धडपड चालली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दाची धार कळते. पावित्र्याची भाषा न्यायालयात चालेनाशी होते तेथून मालकीची भाषा सुरू होते. माँटगोमेरीने तलाव बुजवला, महाडच्या सवर्णांनी तळ्यावर मालकी सांगितली. मार्ग वेगळे असले तरी दोन्हींचा उद्देश पाण्यात कोण उतरणार हे ठरवणे हाच होता.

आज येथे तळ्यावर पंचगव्य ओतण्याची गरज उरलेली नाही. कर्जत, लोणावळा, अलिबाग या पट्ट्यात ‘खाजगी तलावासह बंगला’ ही जाहिरातीतली नेहमीची ओळ झाली आहे. शहरांतल्या गृहसंकुलांत तलाव आहे, पण तो ‘सदस्यांसाठी’. घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी त्याच्या काठावरून जाते, पाण्यात उतरत नाही. तिला कोणी जात विचारत नाही, नियमावली दाखवते. दुसरीकडे नगरपालिकेच्या तलावाच्या दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ असा फलक उन्हाळेच्या उन्हाळे लटकतो आणि त्याबद्दल आवाज उठत नाही, कारण ज्यांचा आवाज वर्तमानपत्रात छापून येतो त्यांच्या मुलांची पोहण्याची सोय झालेली असते.

आम्ही लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडीलधाऱ्यांनी आम्हांला ढकलले, नाकातोंडात पाणी गेले, आणि चार दिवसांत आम्ही सूर मारू लागलो. त्या आठवणींचे ललित लेखही आम्ही लिहिले. त्या विहिरीत गावातली कोणती मुले कधीच उतरत नव्हती, हे मात्र आम्हांला फार उशिरा, दलित आत्मकथने वाचताना, सुचले. तेव्हा स्नेह्यांच्या तक्त्यात जो रकाना नाही, तो आमच्या ललित लेखांतही नव्हता, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, पैसा आमचा आणि अंगण आमचे. मान्य. पण कोणी तलाव बांधू नये असा कायदा करा, असे आम्ही म्हटलेले नाही. किंमत मोजणारच असाल तर पुरी मोजा, एवढेच म्हणतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वृद्ध, व्याधिग्रस्त, आणि आपल्याकडच्या असंख्य स्त्रिया यांना सार्वजनिक तलावात मोकळेपणा मिळत नाही. त्यांनी काय करावे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला झटपट उत्तर नाही. परंतु अंगणातला तलाव हे त्या प्रश्नाचे उत्तर फक्त अंगणवालीसाठी आहे. स्त्रियांसाठी राखीव वेळा, स्त्री प्रशिक्षक, उतरायला धरकठडा, या गोष्टी सार्वजनिक तलावात मागून मिळतात, मात्र मागणाऱ्या स्त्रिया तेथे असाव्या लागतात. तिसरा आक्षेप, एकाने तलाव न बांधल्याने सार्वजनिक तलाव उभा राहत नाही. तेही खरे. न बांधणे हे पुण्य नव्हे. बांधून वा न बांधता, सार्वजनिक पाण्याशी आपले काय नाते उरते, हा प्रश्न आहे.

आणि साहित्याच्या अध्यापकांना एक विनंती. गॅट्सबी आपल्याच तलावात मारला जातो, ‘सनसेट बुलेवार्ड’ या १९५० च्या चित्रपटाची सुरुवात तलावातल्या प्रेताने होते, ही उदाहरणे आपल्या जिभेवर असतात. जोन डिडियन यांनी ‘होली वॉटर’ या निबंधात मांडले, की कोरड्या पश्चिमेत तलाव हे श्रीमंतीचे चिन्ह नसून अनावर पाण्यावर मिळवलेल्या ताब्याचे, सुव्यवस्थेचे चिन्ह आहे. निबंध सुंदर आहे, आणि आम्ही तो आवडीने शिकवला आहे. पण ताबा कोणाचा आणि कोणाला वगळून, हा प्रश्न त्या सुंदर मांडणीत येत नाही, आणि आपणही तो वर्गात आणत नाही. प्रतीक उकलून दाखवणे हे आपले काम आहेच, परंतु प्रतीकाच्या तळाशी काँक्रीट असते आणि त्या काँक्रीटला कुंपण असते. ‘द स्विमर’ शिकवताना सार्वजनिक तलावाच्या त्या प्रसंगावर एक तास थांबावे, आणि त्या तासाला महाड शिकवावे. विद्यार्थ्यांना दोन्ही एकदम कळतील, अशी आमची खात्री आहे.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हेच थोडक्यात कळवले आणि विचारले, की तुमच्या गावात सार्वजनिक तलाव आहे काय? त्यांचे उत्तर आले. तलाव आहे, घरापासून वीस मिनिटांवर आहे, उन्हाळ्यात आठ आठवडे उघडा असतो आणि खर्च झेपत नाही म्हणून पुढच्या वर्षी सहाच आठवडे ठेवण्याचा नगर परिषदेचा विचार आहे. ही माहिती त्यांनी आमच्या प्रश्नानंतर मिळवली. अठरा वर्षे त्या गावात राहून तो तलाव त्यांनी पाहिलेला नव्हता. अंगणातल्या तलावाचे काय ठरले, ते त्यांनी लिहिले नाही, आम्हीही विचारले नाही. नगर परिषदेच्या सभेची तारीख मात्र त्यांनी कळवली आहे, आणि आपण जाणार आहोत असे म्हटले आहे.